अकरा मिनिटांचं पाणी

बाबाजी परबाला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, पण गाण्याच्या यंत्रातलं सगळं कळे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलेली कॅसेट त्याच्या हाती पडली की सुधारूनच बाहेर येई, मग तिची इच्छा असो वा नसो. ९८ सालच्या सप्टेंबरात ही सुधारायची खोड त्याच्या चांगलीच अंगाशी आली.

त्याचं असं झालं. तादरोस नावाचा एक इजिप्शियन ड्राफ्ट्समन कॅसेट घेऊन आला. सहा दिवस तो नकाशे काढायचा आणि सुटीच्या शुक्रवारी त्याच्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या, चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचा, मुलांना शिकवायचा. सगळे त्याला मुअल्लिम म्हणत, म्हणजे आपल्याकडचे गुरुजी. कॅसेट यंत्रात अडकून पार चुरगळली होती.

"सोमवारी पाहिजे, हबीबी. त्याच शुक्रवारी आमचं कॉप्टिक नवीन वर्ष आहे."

"सोमवारी या. काम खलास," बाबाजी म्हणाला.

त्याने फीत सरळ केली, नव्या डबीत भरली आणि वाजवून पाहिली. एक म्हातारा गात होता. गाता गाता तो 'ओ' म्हणाला आणि त्या 'ओ'वरच अडून बसला. मिनिट झालं, सव्वा मिनिट झालं, आवाज नुसता वर जाई, खाली येई, पण पुढचा शब्द काही येईना. असं एकदा नाही, पाच ठिकाणी! बाबाजीने ताबडतोब निदान केलं, फीत ताणली गेलीय. ब्लेड घेऊन त्याने पाचही 'ओ' सफाईने कापले आणि टोकांना टोकं जोडली. अकरा मिनिटांचं गाणं पाच मिनिटांत बसलं. सिनेमाचं गाणंही एवढ्यातच आटपतं, तेव्हा आपलं चुकलं असेल अशी शंका त्याला शिवलीसुद्धा नाही. उलट स्वतःवर खूश होऊन त्याने चहा मागवला.

सोमवारी दुपारी तादरोसने दुकानातच कॅसेट लावली. पहिला सांधा सरकला आणि त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या सांध्याला तो मटकन स्टुलावर बसला.

"पाणी कुठे गेलं?" त्याने विचारलं.

"कसलं पाणी?"

मग तादरोसने अरबी, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी करत सांगितलं ते असं. गाणारा म्हातारा म्हणजे त्याचे वडील, इजिप्तमधल्या मिन्याकडच्या एका खेड्यातले आंधळे मुअल्लिम. गेल्या वर्षी वारले. स्तोत्र नाईल नदीच्या पुरासाठी होतं आणि तो लांबलेला शब्द होता 'मोऊ', म्हणजे पाणी. पूर जसा चढतो आणि ओसरतो, तसा तो एकच शब्द म्हणायचा.

"घरात आम्ही अरबीच बोलतो," तादरोस म्हणाला. "आईने मला मारलं तेही अरबीतच. कॉप्टिक आता चर्चपुरती उरली. पण ती काही वेगळी भाषा नाही, पिरॅमिड बांधणाऱ्यांचीच आहे. चित्रांची लिपी गेली, ग्रीक अक्षरं आली. जे आवाज ग्रीकांकडे नव्हते, त्यांच्यासाठी जुन्यातली सहा-सात अक्षरं ठेवून घेतली. फेरोचा माणूससुद्धा पाण्याला जवळपास हेच म्हणायचा. माझ्या बाबांना तर कुठलंच अक्षर वाचता येत नव्हतं. गुरूच्या तोंडून ऐकलं आणि तोंडात ठेवलं. शब्द मलाही येतात. आमच्या गावाचे हे हेलकावे मात्र फक्त त्यांना येत होते. या टेपवरून मी ते शिकणार होतो."

बाबाजीला आपला गणपती आठवला. गेल्याच महिन्यात गणपतीपुढे त्याने आरतीनंतरचे मंत्र घसा ताणून म्हटले होते, एका शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना. त्यातले अर्धे कुणी कापले असते तर त्याने त्या माणसाची गचांडीच धरली असती. आपल्या हातून पाप झालं, असं त्याला मनापासून वाटलं.

"तुकडे कचऱ्यात टाकले?" तादरोसने घाबरत विचारलं.

"कचऱ्यात नाय हो," बाबाजी म्हणाला आणि कपाळावर हात मारून घेतला. "विमानात!"

कारण बाबाजीचा भाऊ कुडाळजवळ भातशेती करायचा. दाणा भरू लागला की पाखरं येतात. शेतावर कॅसेटची फीत ताणून बांधली की ती वाऱ्याने चमकते, भुणभुणते, मग पाखरं बिचकतात. त्यासाठी बाबाजी वर्षभराचे तुकडे पिशवीत साठवी. ती पिशवी काल रात्रीच त्याने गाववाल्या भिवाकडे दिली होती, आणि भिवाचं विमान आज संध्याकाळी होतं.

"यल्ला! चल लवकर!" तादरोस ओरडला.

शेजारच्या अजमान शहरात भिवाच्या खोलीवर दोघे धापा टाकत पोचले तेव्हा तो खोक्याला शेवटची गाठ मारत होता. निळी दोरी, चारी बाजूंनी सोळा वेढे, वर मोठ्या अक्षरांत नाव. सकाळपासून तो त्याच कामात होता.

"सोड ती दोरी," बाबाजी म्हणाला.

"येडो झालंस काय रे? माका पाचाक निघाचा आसा!"

"अरे, ह्यांच्या बापाशीचो आवाज तुझ्या खोक्यात आसा."

भिवाने एकदा तादरोसच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता सुरी घेऊन स्वतःच दोरी कापली. साबण, दुधाची पावडर, ब्लँकेट बाहेर आलं आणि सगळ्यांत खाली ती पिशवी. बाकीच्या फिती काळ्या होत्या, म्हाताऱ्याची जुनी, तांबूस. पाचही तुकडे मिळाले तेव्हा तादरोसने भिवाला अशी मिठी मारली की भिवाला श्वास घेणं मुश्कील झालं. मग तिघांनी मिळून खोका पुन्हा बांधला.

आता पेच होता क्रमाचा. पाचही तुकड्यांत नुसता 'ओ', मग पहिला कुठला आणि चौथा कुठला? तीन संध्याकाळी दोघे दुकानात बसले. बाबाजी एकेक तुकडा डबीत घालून वाजवी, तादरोस डोळे मिटून हात हलवी. "हा चढतोय... हा काठावर आला... हा ओसरला." दोनदा जोडलं, दोनदा उसवलं. गुरुवारी मात्र चौथा तुकडा लागला आणि बाबाजीच आधी ओरडला, "हा ओसरतोय!" ज्याला ओ की ठो कळत नव्हतं त्या माणसाला नदीचा पूर कळू लागला होता. तादरोस खो-खो हसला आणि त्याने बाबाजीच्या पाठीत एक दणका घातला.

शुक्रवारी सकाळी बाबाजी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चच्या हॉलमध्ये मागे उभा राहिला. तादरोस गाऊ लागला. 'मोऊ' आलं, चढलं, पसरलं, आणि तिसऱ्या वेळी ऐन चढावर आवाज एक क्षण अडखळून पुढे गेला. बाबाजीने ती जागा लगेच ओळखली. तिथे फितीचा दोन बोटं लांबीचा भाग इतका फाटला होता की तो त्याला टाकूनच द्यावा लागला होता. तादरोस बाबाजीचा सांधासुद्धा गात होता! आणि त्याच्यामागून वीस-पंचवीस पोरं तीच अडखळ तशीच्या तशी, मान डोलवत गात होती.

बाहेर आल्यावर बाबाजीने मान खाली घालूनच ते सांगून टाकलं. "मुअल्लिम, ती उचकी तुमच्या बाबांची नव्हे. ती माझी. पोरांना सांगून काढून टाका."

"मला ठाऊक आहे," तादरोस म्हणाला. "बाबा तिथे अडत नसत."

"मग?"

"एवढ्या हजारो वर्षांत किती जणांनी जोडलं असेल, बाबाजी. त्यातलं कुणाचं नाव आम्हाला माहीत आहे? तुझं मला माहीत आहे. राहू दे."

तेवढ्यात हॉलमधून पळत आलेली दोन पोरं लाल खजूर चघळत, अंगणात गोल फिरत 'मोऊ' म्हणू लागली. ऐन चढावर दोघंही बरोबर अडखळली आणि पुढे गेली. बाबाजीला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.