मॅडमनी बोलावलंय

दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक प्राध्यापकाच्या दाराला एक पाटी होती. वर ‘भेटीची वेळ’, खाली वार आणि तास. त्या तासाला दार उघडं असायचं, आतली खुर्ची रिकामी असायची आणि तिथे कोणीही जात नसे.

कॉलेज लहान होतं. तिथे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरातून आधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. कोणाचे वडील बसचालक, कोणाची आई इस्पितळात चादरी धुणारी. शिक्षकांच्या खोलीत बोलावणं म्हणजे काय, हे त्यांना शाळेत कळलं होतं: काच फुटलेली असते, नाहीतर कॉपी सापडलेली असते. तेव्हा ही पाटी गुन्हेगारांसाठी आहे, असं पहिल्या वर्षाने आपापसात ठरवून टाकलं होतं. उघड्या दारावरून जाताना मुलं आवाज न करता, जरा भरभर चालत. प्राध्यापक आत चहा पीत बसत आणि हल्लीची मुलं किती स्वावलंबी आहेत, असं एकमेकांना सांगत.

त्यामुळे कीटकशास्त्राच्या मॅडम तास संपल्यावर एका मुलीला, घरच्यांच्या धाकटीला, म्हणाल्या, ‘‘बुधवारी भेटीच्या वेळेत ये, बोलायचंय,’’ तेव्हा अख्ख्या रांगेने वळून पाहिलं. शेजारच्या मुलाने आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

धाकटीला भीती होती, पण वेगळी. काही फोडलेलं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. मॅडमना कशाबद्दल बोलायचं असेल, याचाही तिला अंदाज होता, आणि ते घरापर्यंत पोचायला नको होतं.

घरी धंदा होता किडे मारण्याचा. बाबा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, मिळून तो चालवत. थोरला दादा गाडी हाकायचा. गाडीच्या पाठीवर पाय वर करून पडलेलं एक झुरळ रंगवलं होतं, ते आत्याने स्वतः निवडलेलं. आई गेल्यापासून घरही आत्याच्याच ताब्यात होतं, आणि घरात सगळ्यांना औषधाचा थोडा वास येतो, ही गोष्ट बाहेरच्यांनी सांगितल्याशिवाय कळायची नाही. धाकटीला कॉलेजात घातलं ते हिशेब शिकायला. तिने खुर्चीत बसून काम करावं, तिच्या पाठीवर औषधाची टाकी येऊ नये, एवढं बाबांचं म्हणणं होतं.

कीटकशास्त्र तिने जोडविषय म्हणून घेतलं. हिशेबाच्या दोन तासांमध्ये मोकळा वेळ होता, आणि घरचाच विषय आहे, सोपा जाईल, असा सरळ विचार. अडचण पहिल्याच आठवड्यात आली. मॅडमनी काचेखाली एक झुरळ ठेवलं आणि नुसतं बघायला सांगितलं. धाकटीच्या लक्षात आलं, की जन्मभर झुरळांत वाढूनही तिने एकही जिवंत झुरळ नीट बघितलेलं नाही. घरी झुरळ दिसायचं ते मेलेलं, नाहीतर मरायच्या बेतात. हे मात्र निवांत बसून आपली एक मिशी वाकवत तोंडातून ओढून साफ करत होतं. मग दुसरी. तास संपल्याची घंटा तिला ऐकूच आली नाही.

वर्षभर ती रात्रीच्या जेवणाला जमा आणि खर्चाबद्दल बोलत राहिली. कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, धान्यातल्या सोंड्यांची आणि भुंगेऱ्यांची चित्रं साठत गेली. आता सोमवारपर्यंत प्रत्येकाने आपला मुख्य विषय कॉलेजला सांगायचा होता. तिला कीटक सांगायचे होते. घरी हिशेब ठरलेला होता.

बोलावण्याची बातमी घरी पोचवली ती रेडिओने. रेडिओ म्हणजे खालच्या मजल्यावर राहणारी, धाकटीच्याच वर्गातली मुलगी. तिला हे नाव आत्यानेच ठेवलं होतं आणि तिने ते मानाने घेतलं होतं. जिन्यात आत्या भेटली, एवढं निमित्त पुरलं.

जेवताना बाबांनी विचारलं, काय केलंस. धाकटी म्हणाली, काही नाही. बाबांनी मान हलवली. शाळेत असताना दादाही काही नाही असंच म्हणाला होता. आत्याचं निदान तयार होतं.

‘‘मॅडमचा एखादा पाळलेला किडा मारला असशील,’’ ती म्हणाली. ‘‘आपल्या घरात हात आपोआप उठतो.’’

दादा हसला आणि हसता हसता म्हणाला, की त्याला शाळेत बोलावलं होतं तेव्हा बाबांना धान्याच्या गोदामाचं काम होतं. कोणी गेलं नाही आणि पुढच्या आठवड्यात त्याचं नाव पटावरून गेलं. तो हे कसलीही तक्रार नसल्यासारखं बोलला आणि भाजीचं भांडं पुढे सरकवलं. बाबांनी ते घेतलं, पण वाढून घेतलं नाही.

‘‘बुधवारी मी येतोय,’’ ते म्हणाले.

धाकटीने परोपरीने सांगितलं, की कॉलेजात पालक येत नाहीत. बाबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतला शर्ट इस्त्रीला काढला. आत्या म्हणाली मीपण येते, तुझा बाप मोठ्या माणसांपुढे अडखळतो. दादाला तर गाडी चालवायलाच हवी होती.

बुधवारी कॉलेजच्या अंगणात पाय वर केलेलं झुरळ येऊन उभं राहिलं. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. धाकटीने वाटेत दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण आत्या आपलं भाषण पाठ करत होती आणि मागे टाक्या एकमेकींवर आपटत होत्या. जिन्यात पुढे होऊन मॅडमना आधी गाठायचं, असा धाकटीचा बेत होता. आत्याने तिचा दंड धरला होता.

मॅडम चहा पीत होत्या. दारात चार माणसं बघून त्या उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या तासाला कोणी आलं नव्हतं आणि आता पहिली विद्यार्थिनी घर घेऊन आली होती. खुर्च्या अपुऱ्या पडल्या. दादा दाराशी राहिला. बाबा बसलेच नाहीत.

आत्याचं भाषण सुरू व्हायच्या आत ते बोलले, आणि अडखळले नाहीत.

‘‘चूक झाली असेल तर भरून देऊ. पोरीचं नाव पटावरून काढू नका.’’

मॅडमना उलगडायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हसू आवरलं आणि सगळं सरळ सांगितलं. चूक काहीच नाही. वर्गात इतकं नीट बघणारं आणि इतकं नेमकं चित्र काढणारं दुसरं कोणी नाही. हिने कीटकशास्त्र मुख्य विषय घ्यावा आणि सुट्टीत इथल्या कीटकसंग्रहात काम करावं, असं त्यांना वाटत होतं. तेवढंच विचारायला बोलावलं होतं.

बाबांचे खांदे खाली आले. मग पुन्हा वर गेले. ते अदबीने म्हणाले, की काहीतरी गफलत होतेय. हिचा मुख्य विषय हिशेब आहे.

मॅडमनी धाकटीकडे पाहिलं. आत्यानेही. दाराशी दादा एकदम छताचा अभ्यास करू लागला.

‘‘हिशेबात मी पास होईन, बाबा,’’ धाकटी म्हणाली. ‘‘पण मला किडे शिकायचेत.’’

‘‘किडे?’’ आत्या म्हणाली. ‘‘ते तर घरीच शिकवले असते की.’’

‘‘तू मारायला शिकवलं असतंस, आत्या.’’

बाबांना अवघड झालं, की ते कामाकडे वळत. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि कपाटाच्या खालच्या फळीवर थांबली. तिथे पिवळसर, पिठासारखा भुसा सांडला होता. कपाटाला कीड लागलीय, असं त्यांनी मॅडमना सांगितलं. उद्या येऊन औषध मारून देतो, तुमचे उपकार झालेत.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यांनी जवळजवळ हात जोडले.

‘‘कृपा करून नको. ते मी पाळलेत.’’

त्यांनी कपाटातून काचेची पेटी काढली. आत लाकडाचे तुकडे होते आणि त्यांवर तांबूस, दाण्याएवढे भुंगेरे. लाकूड बदलताना भुसा सांडतो, असं त्या म्हणाल्या आणि बाबांच्या हातात भिंग दिलं. बाबांनी ते कसं धरायचं हे धाकटीकडे बघून विचारलं. तिने त्यांचं मनगट थोडं खाली केलं. पाठीवर टाकी नसताना ते पहिल्यांदाच एखाद्या किड्यावर वाकले होते. बराच वेळ वाकून राहिले. आत्याने घसा खाकरला तरी उठले नाहीत.

‘‘तोंड धुतंय,’’ ते शेवटी म्हणाले.

मग भिंग परत देऊन त्यांनी कामाचा प्रश्न विचारला: हे शिकून पुढे काय. मॅडमनी गोड करून सांगितलं नाही. काही जण धान्याच्या कोठारांवर तपासनीस होतात, काही बंदरावर येणारा माल तपासतात, काही पुढे शिकतात, काहींना बरीच वर्षं धड काही मिळत नाही. मुलगी चांगली आहे. पण खात्री देणार नाही, असं त्या म्हणाल्या.

‘‘आम्हीपण झुरळाची खात्री देतो,’’ आत्या म्हणाली. ‘‘ढेकणाची देत नाही.’’ तिच्या लेखी ही मॅडमची स्तुती होती.

बाबांनी निरोप घेताना सांगितलं, की विचार करून सोमवारी कळवतो. धाकटीचे कान लाल झाले होते, पण ती बोलली.

‘‘सोमवारी मलाच सांगायचंय, बाबा.’’

गाडीत परत जाताना फक्त टाक्या बोलत होत्या.

त्या दिवशी रेडिओ अंगणातच होती. आत चहा मिळतो, ओरडत नाहीत आणि तुला काय शिकायचंय असं विचारतात, ही बातमी कॉलेजभर गेली. पुढच्या दोन दिवसांत उघड्या दारांसमोर मुलं दिसू लागली. एक जण आजीला घेऊन आला, कारण घर घेऊन जायचं असतं असा त्याचा समज झाला होता. तिला आवडलं, ती इतिहासाच्या सरांकडे तासभर बसली. प्राध्यापकांचा चहा गार होऊ लागला.

घरी मात्र त्या विषयाचं नाव कोणी काढलं नाही. बाबा कामावर जात, येत, जेवत. शनिवारी त्यांनी धाकटीला एवढंच विचारलं, की ती चित्रं कुठे आहेत. तिने घडीखालून काढून दिली. ती घेऊन ते बाहेरच्या खोलीत बसले आणि सोंड्याच्या चित्राशी थांबून दादाला म्हणाले, की या माणसाला आपण किती घरांतून काढलंय, आणि याला सोंड आहे हे बघितलंच नव्हतं. चित्रं त्यांनी परत दिली. मत दिलं नाही. धाकटीने मनाशी ठरवलं होतं, की त्यांनी नाही म्हटलं तरी सोमवारी कीटकच सांगायचं. तसं सांगून घरी परत कसं यायचं, हे मात्र ठरत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी बाबा कामावरून आले ते जेवणाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली होती. आत्याला आधी तीच दिसली. डबा नवा होता, आणि तिने ते दोनदा सांगितलं. बाबांनी लक्ष दिलं नाही. एका जुन्या लाकडाच्या वखारीत हा किडा सापडला, असं ते धाकटीला म्हणाले. असला आधी कधी बघितला नाही. सगळ्यांना मारलं, याला तेवढा बाजूला काढला.

‘‘जिवंत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मेलेला तुला नको असेल.’’

धाकटीने झाकण उचललं. अंगठ्याएवढा काळा भुंगेरा, शरीराहून लांब मिशांचा. तो क्षणभर थांबला, पंख उघडले आणि सरळ आत्याच्या डोक्यावरून जाऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर उतरला.

ज्या घराने अख्ख्या वस्तीतले किडे मारले, ते घर गुडघ्यांवर आलं. दादा टेबलाखाली घुसला. आत्या ओट्याला पाठ लावून कोणी पाय ठेवू नका, पाय ठेवू नका, असं सांगत होती आणि स्वतः एका पायावर उभी होती. भुंगेरा भिंतीच्या कडेने निघाला आणि थेट बाबांसमोर आला. बाबांच्या हातात चप्पल होती. ती पायातून कधी निघाली आणि हात वर कधी गेला, हे त्यांनाही कळलं नव्हतं. हात तसाच वर थांबला.

धाकटी पालथा पेला आणि पुठ्ठा घेऊन त्यांच्या पायाशी बसली.

‘‘घे लवकर,’’ बाबा म्हणाले. ‘‘हात फार वेळ थांबत नाही.’’