उलटा पदर

इंद्रभाननं फ्लेक्सचा कोपरा उचलून आत डोकावलं. आत वाघ होता.

"ओ बाबा, काऊन ओढून राह्यले त्याले?" रसवंतीवरच्या बाईनं आवाज दिला. "साहेबाचा वाढदिवस हाये. फाटला तं आमाले बोल लागन."

"भितीवरची चित्रं पाहून राह्यलो."

"त्याच्याखाली वाघ हाये. मले ठाऊक हाये, वर्षभर माह्याकडंच पाहात होता."

कोपरा सोडून तो पुढं निघाला. सकाळी डोणगावहून निघून, मेहकरला गाडी बदलून तो बुलढाण्यात उतरला होता, तेव्हापासून भिंतींमागून भिंती चालल्या होत्या. शाळेच्या भिंतीवर लोणारचं सरोवर आणि काठावर बगळे. दवाखान्याच्या भिंतीवर हात धुणारी पोरं. पुढं एका लांबलचक भिंतीवर कपाशी वेचणाऱ्या बायका, पण सगळ्यांची तोंडं एकसारखी, गोरी, उन्हात कधी न गेलेली. तरी तो प्रत्येकीजवळ थांबला, भुवई पाहिली आणि मग पुढं सरकला.

त्याची बायको जनका उन्हाळ्यात गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाची रेणुका म्हणाली, "मामा, बुलढाण्याच्या एका भितीवर मामीचं चित्र हाये म्हणे. दवाखान्यासाठी माह्याकडं होती तवा पेंटरनं माह्या मोबाईलमधला तिचा फोटो मांगून नेल्ला होता. मंग आमची बदली झाली, मी काई पाह्यलं नाई."

घरी जनकाचा फोटो होता, आधार कार्डावरून मोठा केलेला. स्टुडिओवाल्यानं काम चांगलं केलं होतं. भुवईवरची विळ्याची खूणसुद्धा उतरली होती. पण फ्रेमीतली ती बाई इंद्रभानला परकी वाटे. तो फोटो घेऊन दोनदा मेहकरला गेला. "काका, चुकलं काय ते तं सांगा," स्टुडिओवाला म्हणाला. त्याला सांगता आलं नव्हतं. आपणच तिचं तोंड विसरत चाललो की काय, ही धास्ती तेव्हापासून लागली होती. पोरांना हे सांगण्यासारखं नव्हतं.

बाजाराच्या रस्त्याला वळला आणि ती दिसली.

भिंतभर दुसरं काही नव्हतं. हिरवं लुगडं, भुवईवरची खूण, एका बाजूनं जरा जास्त वर गेलेलं हसू. इंद्रभान रस्त्यातच उभा राहिला. मागून ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा कडेला झाला.

लग्न झालं तेव्हा घर लहान होतं. आई-बापासमोर बायकोच्या तोंडाकडं पाहायची रीत नव्हती. सकाळी जनका दारामागच्या आरशासमोर वेणी घालायला बसे. तो तिच्या पाठीमागं चहा घेऊन बसे आणि तेवढ्यात पाहून घेई.

"काय पाहून राह्यले?" ती आरशातूनच विचारी.

"काई नाई."

पुढं आई-बाप गेले, पोरं पांगली, तरी सवय तीच राहिली. दिवसभर शेतात ती एका ओळीत, तो दुसऱ्या ओळीत. घरातलं काय ते बोलणं सकाळी, आरशातून.

"बाबा, सरका जरा, रंग उडन," स्टुलावर चढलेला पेंटर म्हणाला.

"हे माही बायको हाये."

पेंटर खाली उतरला. हात फडक्याला पुसले. "रेणुकाताईची मामी? मी धम्मरत्न. जय भीम, बाबा. चित्र पाह्यले येतीन म्हणत होत्या त्या. मामी बऱ्या हायेत ना?"

इंद्रभाननं नकारार्थी मान हलवली. धम्मरत्ननं खाली पाहिलं आणि उगाच डब्याचं झाकण लावलं.

मग तोच म्हणाला, "बाबा, एक चूक झाली होती माही. तेच नीट करून राह्यलो. तो फोटो सेल्फी होता. त्याच्यात डावं-उजवं फिरते. मी तसंच काढलं. पाहा, पदर उजव्या खांद्यावर आला. वार्डातल्या बाया हासतात. म्हणतात, याच्या घरी बाईमाणूस नाई का? आता नगरपालिकेनं सांगतलं, सरळ कर."

"अन् तोंड?"

"तेही फिरवतो. खूण इकडची तिकडं जाईन. आज खांदा, उद्या तोंड."

इंद्रभान चित्राकडंच पाहत होता.

"सरळ कशी दिसन ते पाहा लागते का? त्या समोरच्या कटिंगच्या दुकानात बसा. आरशात बरोबर दिसते."

तो रस्ता ओलांडून दुकानात गेला, रिकाम्या खुर्चीवर बसला.

"दाढी?" न्हाव्यानं विचारलं.

"नाई. बसतो फक्त."

आरशात रस्ता होता, स्टूल होतं, आणि मागं ती. पदर डाव्या खांद्यावर, खूण जिथल्या तिथं. नाव ठेवायला जागा नव्हती. आणि ती फ्रेमीतली बाई होती.

त्यानं मान वळवून भिंतीकडं पाहिलं. जनका. आरशात पाहिलं, ती परकी बाई. पुन्हा मान वळवली.

"मान लचकन, बाबा," न्हावी म्हणाला.

इंद्रभान उठला. रस्ता ओलांडताना त्यानं दोन्हीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पदर कर सरळ," तो धम्मरत्नला म्हणाला. "तोंडाले हात नको लावू."

"अन् लोकं हासले तं?"

"हासू दे. तिले हासलेलं चालत होतं."

"माहं काय जाते, बाबा? पन तुमचीच बायको उलटी राह्यली तं—"

"मी तिच्या मागं बसत होतो, आरशासमोर," इंद्रभान म्हणाला.

धम्मरत्नला काही समजलं नाही. त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग चित्राच्या. डबा उचलून खांद्याच्या बाजूला नेऊन ठेवला.

इंद्रभाननं टपरीवरून चहा आणला आणि रस्त्याच्या कडेला, एका पालथ्या क्रेटवर, धम्मरत्नच्या पाठीमागं बसला. ब्रश चालत राहिला. उजव्या खांद्यावरचा पदर हळूहळू रंगाखाली गेला. परतीची एक एसटी घरघरत निघून गेली. त्यानं तिकडं वळून पाहिलं नाही.

"बाबा," मागं न बघताच धम्मरत्ननं विचारलं, "काय पाहून राह्यले एवढं?"

"काई नाई," इंद्रभान म्हणाला.

आणि चहा निवेपर्यंत तसाच बसून राहिला.