‘हो’साठी एक दाबा

पत्र आलं तेव्हा लायल मागच्या अंगणात सरपणाची लाकडं मोजत होता, म्हणून ते त्याच्या हाती पडलं नाही. नोरीन पेलेटियरनं रस्त्याकडेच्या टपालपेटीतून ते काढलं, लिफाफ्यावरची राज्याची मोहोर पाहिली आणि तिथेच, घोटाभर बर्फात उभ्या उभ्या फोडलं.

बेकारी भत्त्याच्या दोन आठवड्यांसाठी ‘जाणूनबुजून खोटी माहिती’ दिल्याचं आढळलं आहे, असं त्यात होतं. दोन्ही आठवड्यांचे पैसे दंडासह परत करावेत. पुढचा भत्ता थांबवण्यात येत आहे. प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवलं जाऊ शकतं. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, अपील करायचं असेल तर पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवस. त्यातले चार टपालातच गेले होते.

पत्र लायलच्या नावानं होतं. खोटं मात्र तिनं सांगितलं होतं.

नोव्हेंबरात गावातला कागद कारखाना बंद पडला. लायलनं तिथे एकतीस वर्षं काढली होती. कागद वाळवायच्या त्या अजस्र रुळांच्या गडगडाटानं त्याचे कान कधीच खाऊन टाकले होते. समोर बसून मोठ्यानं बोललं तर त्याला ऐकू यायचं, फोनवर मात्र काही म्हणजे काही नाही. आणि भत्ता चालू ठेवायचा तर दर रविवारी फोन करून यंत्राच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत. म्हणून फोन नोरीन लावायची. लायल शेजारी उभा राहायचा. ती प्रश्न ओरडून सांगायची, तो ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा, ती बटण दाबायची. ‘हो’साठी एक, ‘नाही’साठी नऊ.

जानेवारीत लायलचं पित्ताशय सुजलं. साठ मैलांवरच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, मग ताप भरला, आणि दोन रविवार तिथेच गेले. पहिल्या रविवारी तो गुंगीत होता. नोरीननं खोलीबाहेरच्या व्हरांड्यातून फोन लावला. यंत्रातली बाई आपल्या गोड आवाजात म्हणाली, “या आठवड्यात तुम्ही काम करण्यास समर्थ होता का?”

नोरीनचं बोट नऊवर गेलं होतं. पण कानात वाणसामानाच्या दुकानातली मार्व्हा बोलत होती. “नऊ दाबलंस की मेलीस, बाई. माझ्या दिरानं चुकून नऊ दाबलं, तीन महिने भत्त्यासाठी बोंबलत बसलाय. माणूस भेटतच नाही फोनवर!”

तिनं एक दाबला. पुढच्या रविवारीही एकच दाबला. लायलला सांगितलं, “झालं तुझं, नीट झोप.”

त्याच पंधरवड्यात रोजगार केंद्राचं बोलावणं आलं होतं. मंगळवारी हजर राहा, नाहीतर नोंद रद्द. नोरीननं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून पाठवली, की नवरा इस्पितळात आहे, कृपा करून पुढची तारीख द्या. एका खिडकीत खरं सांगितलं होतं, दुसरीत खोटं. त्या दोन खिडक्या आतून एकमेकींशी बोलतात हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिनं पत्र शिलाई मशीनच्या पेटीत, रिळांच्या खाली दडवलं. तिथे लायल कधी हात घालत नसे. उद्या विचार करू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

भीती मात्र उद्यावर थांबायला तयार नव्हती. सकाळी डोळा उघडायच्या आधी ती छातीवर येऊन बसलेली असायची. रस्त्यावरून बर्फ सारणारा ट्रक गेला तरी नोरीन पडद्याआडून बघायची. तिला तुरुंगाची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की तुरुंगात लायल जाईल. आयुष्यात ज्यानं हरिणाच्या शिकारीचा परवाना एक दिवसही उशिरा काढला नाही तो माणूस, टाके अजून ओले असताना, तिच्या बोटापायी कोर्टात उभा राहील.

“या आठवड्याचे पण जमा नाही झाले?” लायलनं विचारलं.

“त्यांचा कम्प्युटर बिघडलाय. सगळ्यांचंच अडकलंय.”

“मार्व्हाच्या दिराचं सुटलं म्हणे.”

“त्याचं वेगळं असेल,” नोरीन म्हणाली आणि भांडी घासायला वळली. ती आधीच घासलेली होती.

अकराव्या दिवशी दुपारी शेरीफची गाडी दारात उभी राहिली.

नोरीन खिडकीत होती. दार उघडून खाकीतला तरुण शिपाई उतरला, टोपी नीट केली आणि सरळ त्यांच्या पायऱ्यांकडे आला. तिनं खुर्चीची पाठ धरली. दार वाजलं. लायलला ते ऐकू गेलं नाही, पण गाडी त्याला दिसली होती. तोच उठला.

“नमस्कार, मिस्टर पेलेटियर. पलीकडच्यांची स्नोमोबील चोरीला गेलीय. रविवारपासून कोणी अनोळखी माणूस दिसला का इकडे?”

“काय म्हणता?”

“स्नोमोबील! चोरीला!”

“अच्छा! नाही बुवा. त्या खटाऱ्याला कोण हात लावणार? चोराला ढकलतच न्यावी लागली असेल.”

शिपाई हसला, नाव-नंबर टिपून निघून गेला. लायल हसत वळला आणि त्याचं हसू तिथेच थिजलं. नोरीन जमिनीवर बसली होती. चेहरा पिठासारखा पांढरा.

“काय होतंय? छातीत दुखतंय का?”

ती काहीतरी पुटपुटली.

“ऐकू येत नाहीये मला, नोरीन. मोठ्यानं बोल!”

जी गोष्ट स्वतःशी कुजबुजायचीही तिची हिंमत नव्हती, ती तिला गळा काढून ओरडावी लागली. “मी खोटं बोलले! तू इस्पितळात होतास तेव्हा! मी एक दाबला! त्यांनी तुला चोर ठरवलंय, लायल!”

मग तिनं पेटीतून पत्र काढून दिलं. लायलनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यानं कागद मांडीवर टेकवला. तो रागावेल म्हणून नोरीन वाट बघत होती. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

“पंधरा दिवस,” तो शेवटी म्हणाला. “आज कितवा?”

“पत्राच्या तारखेपासून धरला तर… पंधरावा.”

लायल ताडकन उठला. इतका, की पोटाला हात लावून कळवळला. “मग बसलीस काय? कोट घाल!”

कारखान्याच्या युनियनची जुनी चिटणीस ग्लेनिस वॉर्ड दर गुरुवारी ग्रंथालयाच्या तळघरात बसायची आणि लोकांचे असले कागद बघायची. तो गुरुवार होता. एवढं एक नशीब. ते पोचले तेव्हा चार वाजायला वीस मिनिटं होती आणि पोस्ट चारला बंद होत होतं.

ग्लेनिसनं पत्र वाचलं आणि चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. “इतके दिवस हे उबवत बसला होतात?”

“मी बसले होते,” नोरीन म्हणाली. “याला आजच कळलं.”

“बरं. रडायचं असेल तर नंतर रड. आत्ता मी सांगते ते लिही. ‘मला हा निर्णय मान्य नाही. मी अपील करतो. सुनावणी द्यावी.’ बास. लायल, सही कर.”

“कारण नको लिहायला?” नोरीननं विचारलं. “मी का दाबलं ते?”

“सगळी रामकहाणी आज पाठवलीस तर त्यातलं एकच वाक्य उचलून तुझ्याच गळ्यात बांधतील. सुनावणीत सांग. आणि शिक्का मार म्हणावं पोस्टातल्या पोराला, आजच्या तारखेचा. डोळ्यांनी बघून ये.”

नोरीन बर्फावरून पळत गेली, दोनदा घसरली. शिक्का पडताना तिनं काचेला नाक लावून बघितलं.

परत आली तर तळघरात लायल आणि ग्लेनिसची जुंपली होती.

“मी सांगणार, बटणं मीच दाबली,” लायल म्हणत होता. “गुंगीत होतो, चुकून दाबली. हिचं नाव यायला नको.”

“फोनवर तुला ऐकू येतं का?” ग्लेनिस ओरडली.

“नाही.”

“मग प्रश्न कसा ऐकलास? शपथ घ्यावी लागते, बाबा. आत्ता तुमच्याकडून चूक झालीय. तू हे बोललास की गुन्हा होईल.”

लायलनं मान खाली घातली. पण तो ‘बरं’ म्हणाला नाही, आणि नोरीनच्या ते लक्षात आलं.

सुनावणीची तारीख तीन आठवड्यांनी आली. फोनवरच होणार होती. सकाळी नऊनंतर अधिकारी फोन करतील, उचलला गेला नाही तर अपील रद्द. ते तीन आठवडे लायल नेहमीसारखा होता, जरा जास्तच. जेवणाची तारीफ करायचा, तिच्यासाठी दाराबाहेरचा बर्फ साफ करायचा. बटणांचा विषय काढला की त्याला नेमकं ऐकू यायचं नाही. नोरीनला वाटायचं, हा मनाशी काहीतरी ठरवून बसलाय. आता तिला राज्याच्या जोडीला नवऱ्याचीही भीती वाटायला लागली.

त्या दिवशी साडेआठपासूनच ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. ग्लेनिस आली होती, तिनं फोनचा स्पीकर लावून दिला. कॉफी कपांत निवून गेली. नऊ वाजून सात मिनिटांनी घंटा वाजली.

“मी सुनावणी अधिकारी बोलतेय,” बाईचा आवाज होता, कोरडा, घाई नसलेला. “मिस्टर पेलेटियर आहेत का?”

ग्लेनिसनं लायलच्या कानाची अडचण सांगितली. अधिकारीबाई म्हणाल्या, प्रश्न ग्लेनिसनं शब्दशः त्याला सांगावा, उत्तर त्यानंच द्यावं, मिसेस पेलेटियर यांनी मध्ये बोलू नये. लायलनं उजवा हात वर करून शपथ घेतली. फोनवर कुणाला दिसणार नव्हतं, तरी हात त्यानं पुरा वर केला होता.

“त्या दोन रविवारी फोन कोणी केला?”

ग्लेनिसनं प्रश्न सांगितला. लायलनं नोरीनकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही, नाही. त्यानं नजर फोनकडे वळवली आणि तोंड उघडलं.

“मी…”

“मी केला!” नोरीन किंचाळलीच. “मॅडम, मी केला! त्याला ऐकूच येत नाही, तो कसा करेल? तो गुंगीत होता, त्याला काही माहीत नव्हतं!”

“मिसेस पेलेटियर,” आवाज कडक झाला, “तुमची शपथ झालेली नाही. मध्ये बोललात तर मला हे थांबवावं लागेल.”

नोरीननं तोंडावर हात दाबला. संपलं, तिला वाटलं. आपणच बुडवलं.

“मिस्टर पेलेटियर, उत्तर पूर्ण करा.”

लायलनं पुन्हा नोरीनकडे पाहिलं. मग म्हणाला, “मी झोपलो होतो, मॅडम. त्यानंतरचं तिला विचारा.”

नोरीनची शपथ झाली. तिनं सगळं सांगितलं. व्हरांडा, यंत्रातली बाई, मार्व्हाचा दीर. सांगताना शब्द एकमेकांवर आदळत होते.

“उत्तर खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

ग्लेनिसनं डोळे मिटले. नोरीनला पळून जावंसं वाटलं.

“हो,” ती म्हणाली. “दाबताना कळत होतं. नऊ दाबला असता तर सगळं कायमचं बंद झालं असतं असं वाटलं. मी घाबरले होते.”

पलीकडे टाइप करण्याचा आवाज आला. मग कागद चाळल्याचा.

“माझ्यासमोर रोजगार केंद्राला लिहिलेली एक चिठ्ठी आहे. नवरा इस्पितळात आहे म्हणून. हे अक्षर तुमचं?”

“हो.”

“लपवायचं होतं तर हे का लिहिलंत?”

नोरीन गोंधळली. “त्यांनी विचारलं होतं तो का आला नाही. माणसानं विचारलं तर खरंच सांगणार ना, मॅडम?”

पुन्हा टाइप करण्याचा आवाज, बराच वेळ. शेवटी बाई म्हणाल्या, “निर्णय टपालानं कळवला जाईल,” आणि फोन बंद झाला.

“तू ‘मी’ काय म्हणणार होतास?” नोरीननं लायलला विचारलं, ओरडून.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “खरंच माहीत नाही.”

निर्णय यायला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत नोरीनच्या अंगावरचे कपडे सैल झाले. टपालपेटीकडे जायचं काम लायलनं स्वतःकडे घेतलं. एका मंगळवारी तो पेटीपाशी उभा राहून लिफाफा फोडताना तिला दिसला, आणि ती पायातल्या सपातांनिशी बाहेर धावली.

“वाच ना! मोठ्यानं!”

लायलनं वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवत. अर्जदारानं स्वतः कोणतंही विधान केलं नव्हतं. त्यानं फसवणूक केली, असं म्हणता येत नाही. दंड रद्द. सरकारी वकिलाकडे प्रकरण जाणार नाही. ते दोन आठवडे मात्र आजारपणाचे, त्यांचे पैसे परत करावे लागतील. थांबवलेला बाकी भत्ता चालू करण्यात येत आहे. यापुढे अर्जदारानं आठवड्याची माहिती लेखी फॉर्मवर, स्वतःच्या सहीनं पाठवावी.

“म्हणजे?” नोरीन म्हणाली.

“म्हणजे झालं.”

“तुला नेणार नाहीत?”

“कुठे नेणार, अगं? मला सांभाळायचा खर्च कोण करेल?”

ती हसली नाही. तिनं पत्र त्याच्याकडून घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं, मागची कोरी बाजूही उलटून बघितली. सपाता भिजून पाय बधिर झाले होते. लायलनं तिला दंडाला धरून घरात नेलं आणि चुलीपाशी बसवलं.

जूनमध्ये लायलला शाळेच्या बॉयलरवर काम मिळालं. पगार कारखान्याच्या निम्मा, पण आवाज नव्हता. भत्ता बंद करायचं पत्र नोरीननंच लिहिलं. ते टाकायच्या आधी तिनं ग्लेनिसला दाखवलं, मार्व्हालाही दाखवलं, आणि पेटीत टाकल्यावर थोडा वेळ तिथेच उभी राहिली, आपण त्यात काही चुकीचं तर लिहिलं नाही ना, ते आठवत.