गुडघ्यांखालची फळी

मी फळी बोलतेय. चर्चमधल्या कबुलीच्या खोलीतली. खोली कसली, उभं कपाटच म्हणा ना. मध्ये जाळी, जाळीच्या पलीकडे खुर्चीवर फादर आणि अलीकडे मी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. लोक येतात, पडदा ओढतात, माझ्यावर गुडघे टेकतात आणि जाळीला तोंड लावून आपली पापं सांगतात. फादर ऐकतात, समज देतात, देवाच्या नावानं क्षमा करतात. तिथं ऐकलेलं ते मरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. नियमच आहे तसा. तो मोडला तर त्यांचं फादरपण जातं.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानातला. त्याच खोडातली माझी सख्खी बहीण फादरांच्या जेवणाचं टेबल झाली. तिच्या नशिबी गरम भांडी आली, माझ्या नशिबी गुडघे. सुतारानं मला रंधा मारला, वर स्पंज घालून तपकिरी रेक्झिन ठोकलं आणि म्हणाला, "हिला काही होत नाही. दोन पिढ्या काढेल."

सुरुवातीला मला फार मजा वाटायची. माणसं बाहेर कितीही रुबाबात फिरोत, गुडघ्यांवर आली की सगळी सारखीच. सायकलवाल्याच्या पँटला ग्रीस, बेकरीवाल्याच्या पँटला मैदा. शाळेच्या मोठ्या बाई आधी रुमाल अंथरायच्या, मग टेकायच्या. पापं सांगायची पण साडीला डाग नको. एक आजीबाई तर दर खेपेला सुनेचीच पापं सांगायच्या. फादर म्हणायचे, "आजी, आता तुमची सांगा." त्यावर त्या म्हणायच्या, "तिच्यामुळे मला राग येतो, हेच माझं." आणि कुरकुरत उठायच्या.

त्या वेळचे फादर मला आवडायचे. लोक त्यांना पाठीमागे चहा फादर म्हणायचे, कारण कुणी रडत आलं, भांडत आलं, तरी ते आधी चहा ठेवायचे. जाळीपलीकडून त्यांचा आवाज आला की माझ्यावर टेकलेले गुडघे सैल पडायचे. हे मी स्वतः अनुभवलंय.

मग एक दिवस मास्तर आला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा तो. बायकामाणसं त्याला अहोजाहो करतात, मी करणार नाही. कडक इस्त्रीची पँट, गुडघे टेकताना एका हातानं जपून वर ओढलेली. मग म्हणाला, "फादर, माझ्या हातून पाप होतंय. एका लहान मुलीच्या बाबतीत. घरातलीच आहे."

फादरांनी विचारलं, "होतंय? म्हणजे अजून?"

"हो."

पुढचं तो जे बोलला ते मी सांगणार नाही. माझ्या अंगातला प्रत्येक खिळा तेव्हा सैल झाला असता तर बरं झालं असतं, तो तोंडावर तरी आपटला असता. पण सुतारानं काम चोख केलं होतं.

"मास्तर," फादर म्हणाले, "तुम्ही इथून थेट पोलिसांकडे जा. तिच्या आईला सांगा. तोवर मी तुम्हाला क्षमा देणार नाही."

मास्तर रडला. खरं रडला, मी ओल अनुभवली. जातो म्हणाला. उठताना मात्र त्यानं विचारलं, "तुम्ही कुठं बोलणार नाही ना?"

"मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे," फादर म्हणाले.

त्याला माहीत होतं म्हणूनच तो आला होता. पोलिसांकडे तो गेला नाही. पुढच्या रविवारी ऑर्गन नेहमीसारखा वाजला, उलट जरा जास्तच गोड. मग पुन्हा एकदा येऊन त्यानं सांगितलं, की पलीकडच्या चर्चमध्ये त्यानं कबुली दिली आणि तिथल्या फादरांनी क्षमा केली. आवाजात समाधान होतं. दुकान बदलून माल मिळाला की गिऱ्हाइकाला होतं तसं.

ती मुलगी म्हणजे त्याची पुतणी, हे मला पुढे कळलं. मुलीचे वडील जहाजावर. आई हॉस्पिटलात नर्स, ड्युट्या सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलेली. शाळा सुटली की मुलगी काकांकडे ऑर्गन शिकायला. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "नशीबवान हो पोरगी, घरचाच गुरू मिळालाय."

थोड्याच दिवसांत चर्चच्या समितीनं ठरवलं, की मुलांचं गायनपथक मास्तरकडे द्यायचं. फादरांना नाही म्हणता येईना. कबुलीत ऐकलेलं बोलायचं तर नाहीच, पण त्यावरून बाहेर वागणंही बदलायचं नाही, असा तो नियम आहे. ज्याच्याबद्दल सगळं ठाऊक आहे त्याच्याशी काहीच ठाऊक नसल्यासारखं हसून बोलायचं. फादर समितीला एवढंच म्हणाले, "त्यांच्यावर कामाचा बोजा फार होतोय." मास्तर म्हणाला, "देवाच्या कामाचा कसला बोजा?" झालं, टाळ्या पडल्या.

मग फादरांनी एक केलं. गायनपथकाच्या सरावाच्या खोलीला जाड लाकडी दार होतं, माझ्या अगदी समोर. सुताराला बोलावून त्यांनी त्या दारात मोठी काच बसवली. विचारलं तर म्हणाले, "आत अंधार होतो." पडद्याखालून मला फक्त जमीन दिसते, पण त्या दिवसापासून फरशीवर उजेडाचा एक चौकोन पडू लागला. मला वाटलं, चला, कुणीतरी काहीतरी केलं.

फादरांनाही कबुली द्यावी लागते. त्यांचे थोरले फादर दुसऱ्या गावाहून यायचे. ते खुर्चीवर बसले आणि चहा फादर माझ्यावर टेकले. फार हलका माणूस, वजन असं नव्हतंच.

"मी कबुलीत काही ऐकलं आणि त्यावरून बाहेर एक दार बदललं," ते म्हणाले.

थोरल्या फादरांनी खुर्ची जाळीजवळ ओढली. मग म्हणाले, "ज्यानं सांगितलं त्याला ते दार बघून कळेल, की तुम्ही त्याची कबुली वापरलीत?"

"कळेल."

"मग तो नियमाचा भंगच झाला. दार पूर्ववत करा."

"आणि मूल?"

"प्रार्थना करा."

काच काढायचा खर्च समितीनं नाकारला, म्हणून फादरांनी स्वतःच काचेवर आतून जाड कागद चिकटवला. फरशीवरचा तो चौकोन गेला. मी दगड असते तर फुटले असते. लाकूड आहे, नुसती करकरले.

त्याच सुमारास नवीन कायद्याची चर्चा सुरू झाली. लहान मुलांवरचा अत्याचार कबुलीत कळला तरी धर्मगुरूंनी पोलिसांना कळवलाच पाहिजे, असा कायदा. चर्चमध्येच सभा भरली. एक वकीलबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरला कळवावं लागतं, शिक्षकाला लागतं, नर्सला लागतं. तुम्हालाच सूट का?"

आजीबाई उठल्या. "म्हणजे मी सुनेबद्दल बोलले ते उद्या चौकीत जाणार?" सगळे हसले. वकीलबाई म्हणाल्या, "नाही आजी, तुमची सून सुरक्षित आहे."

मग फादर उभे राहिले. "ज्याला लाज वाटते तोच इथं येतो," ते म्हणाले. "कळवायचं बंधन आलं तर तो येणारच नाही. मग त्याला थांब म्हणणाराही कुणी उरणार नाही."

"आणि तुम्ही थांब म्हटल्यावर तो थांबतो का, फादर?" वकीलबाईंनी विचारलं.

फादर खाली बसले. पहिली टाळी ऑर्गनच्या बाजूनं आली. मास्तरची. मग सगळ्यांनी वाजवल्या. फादरांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मी म्हणत नाही. घाबरलेली, पिचलेली माणसं माझ्यावर टेकून मोकळी झालेली मी पाहिली आहेत. पण वकीलबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या सभेत तीनच जणांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक मी.

कायदा झाला. कबुलीच्या खोलीला मात्र त्यातून वगळलं.

मग ती आली. लहान मुलांची पहिली कबुली होती. त्यांना शिकवणाऱ्या सिस्टरनं पाठच करून घेतलं होतं: एकदा सांगितलं की पुसलं गेलं, पुसलेलं पुन्हा सांगायचं नाही. इवलेसे गुडघे, मध्येच थरथरणारे.

"मी आईशी खोटं बोलले," ती म्हणाली. "पोट दुखतंय म्हणाले. दुखत नव्हतं. मला काकांकडे जायचं नव्हतं."

फादर जाळीकडे वाकले. "का गं बाळा?"

आणि तिनं सांगितलं. पाप तिचंच असल्यासारखं, मान खाली घालून, माझ्याकडे बघत.

"यात तुझी काही चूक नाही," फादर म्हणाले. "अजिबात नाही. ऐक, मी आता बाहेर बाकावर येऊन बसतो. तूही ये आणि हे सगळं मला परत सांग. नाहीतर आईला सांग. सांगशील?"

"आत्ता सांगितलं ना."

"इथं सांगितलेलं मला कुणाशी बोलता येत नाही, बाळा. बाहेर सांगितलंस की येईल."

"पण सिस्टर म्हणाल्या, परत सांगायचं नाही. परत सांगितलं तर पुसलेलं पुन्हा उमटतं."

"तसं नसतं गं," फादर म्हणाले. आवाज फुटला होता त्यांचा. मोठं माणूस रडतंय म्हटल्यावर ती घाबरली आणि उठून पळाली.

बाहेर आई उभी होती. "सांगितलंस ना सगळं?"

"हो."

"शहाणी माझी. आता त्याचा विचार नाही करायचा हं."

फादर धावत बाहेर आले. "बाई, जरा बसता का? चहा ठेवतो."

"आत्ता नको फादर, ड्युटी आहे. हिला काकांकडे सोडते आणि तशीच जाते."

"आज क्लास राहू द्या ना," फादर म्हणाले.

आई हसली. "हिनं पोटदुखीचं नाटक तुमच्यासमोरही केलं वाटतं! फार लबाड झालीय, फादर."

फादरांनी तोंड उघडलं असेल. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. ते तिथंच उभे राहिले. आईच्या चपला आणि तिचे छोटे बूट दाराकडे गेले; छोटे बूट जरा फरफटत.

फादर बाकावर दिवस मावळेपर्यंत बसून होते. ती आली नाही. पुढे त्यांनी बदली मागून घेतली. जाण्याआधी एकटेच येऊन माझ्यावर टेकले, पण जाळीपलीकडे कुणी नव्हतं.

ती अजून येते. पाठ केलेली तीन पापं म्हणते: खोटं बोलले, भांडले, प्रार्थनेत लक्ष नव्हतं. नवे फादर "शाबास" म्हणतात. तिचे गुडघे आता थरथरत नाहीत.

आता नव्या फादरांना मोकळी, उजेडाची खोली हवी आहे, दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेली. सुतार उद्या येणार. माझं सरपण होईल, होऊ दे, मला त्याचं काही नाही. मला तोंड असतं तर मी केव्हाच बोंब मारली असती. इथं जे ऐकलं ते सगळं मी तुम्हाला सांगून मोकळी झाले, आणि त्यानं काही होत नाही हेही मला ठाऊक आहे. तरी एकच विनवणी करते. तुम्ही हे कबुलीच्या खोलीत ऐकलेलं नाही. तुमचं तोंड कुणी बांधलेलं नाही. शाळा आता सुटेल, आणि आज तिचा क्लास आहे.