पिवळ्या फडक्यावरचा लाल डाग

गर्दी म्हणजे किती? आमच्या लॉन्ड्रीत गिऱ्हाईकाला शिरायला वाट नव्हती! समोरच्या हॉलमध्ये महाराज आले होते ना. त्यांनी ढेकर दिली तरी लोक हात जोडायचे.

आजाऱ्याच्या पोटावर पिवळं फडकं ठेवायचं, वाडग्यातल्या ‘तीर्थात’ हात बुडवून दाबायचं, की फडकं लालभडक!

"बघा, रोग बाहेर आला! इथे विवेक चालत नाही हं. विवेक म्हणजे शंका, शंका म्हणजे पाप!"

माझ्या धाकट्या जावेला साखर. तिनं इन्सुलिन बंद केलं आणि लाल फडकं उशाशी ठेवलं.

मी म्हटलं, "अगं, जन्म गेला तुझा कपडे धुण्यात. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं?"

"लाल होतो."

"मग?"

"तो डाग, जाऊबाई. हे महाराज आहेत."

घ्या! मी दुकानातला धुण्याचा सोडा पाण्यात कालवला आणि तडक हॉल गाठला. सगळ्यांसमोर त्यांचंच कोरं पिवळं फडकं उचललं, टेबलावर पसरलं, ओला हात दाबला. लाल!

"हळद आणि सोडा, बाकी काही नाही! आता या टेबलाला कुठला रोग झाला होता?"

लोक हसले. मला वाटलं, जिंकले. महाराज मात्र हात जोडून उठले. "आजीबाईंनाही सिद्धी मिळाली!"

झालं. रांग माझ्या पायाशी. पहिली कोण? माझी जाऊ.

थापा मारण्यात मी कुणाला ऐकायची नाही. डोळे फिरवले, घुमले, म्हटलं, "आदेश आहे! सुई घे!"

ती हसली. "सिद्धी असलेली माणसं सुई घ्यायला सांगतात होय? काहीतरीच!"

तेवढ्यापुरता मात्र तिचा विवेक चालला.

पुढच्याच आठवड्यात साखर वाढून ती गेली. लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, या म्हातारीनं शंका घेतली म्हणून गेली. महाराज पुढच्या गावाला गेले, तिथेही गर्दी आहे म्हणतात.

लॉन्ड्रीत तिच्या जागी आता तिची सून उभी राहते. मी तिला सांगते, विवेक म्हणजे काही मोठं नाही गं. रंग जाणारे कपडे इकडे, न जाणारे तिकडे, हे आपण रोज करतो ना? तेच डोक्यातही करायचं. खरं इकडे, खोटं तिकडे. एवढं करच.

ती मान डोलावते, कपडे अगदी नीट वेगळे करते. आणि गळ्यात लाल फडक्याची चिंधी बांधून फिरते.