केळफुलांची डॉक्टरीण

"सिस्टर, तुम्ही पहिल्यांदा ज्याला सुई टोचली, तो माणूस अजून जिवंत आहे का?"

चारूनं एका दमात विचारून टाकलं आणि मागे वळून शीतल-ज्योत्स्नाकडे पाहिलं. असं विचारून दाखवायची पैज जिंकली! एक प्लेट मावा जलेबी पक्की! बारावीच्या वर्गात धडाधड बाकं वाजायला लागली.

मुलींचं रक्त तपासायला शाळेत आलेल्या प्रतिभा सिस्टरनी हातमोजा ओढून नीट बसवला.

"जिवंत आहे. नर्सिंगला असताना आम्ही आधी संत्र्यावर शिकलो, मग एकमेकींवर. ती माझी रूममेट होती. आता नेपानगरला असते. अजूनही माझ्या उजव्या हाताला बसत नाही."

"मी तर हजारोंना टोचलंय," चारू म्हणाली. "एकानंही 'आई गं' केलं नाही."

सिस्टरांची भुवई वर गेली.

"केळीला, सिस्टर, केळीला!" शीतल ओरडली. "हिच्या बाबांची बाग आहे ना!"

खोटं नव्हतं ते. केळफूल बाहेर पडलं की ते उमलायच्या आत लांब दांड्याच्या सुईनं त्यात औषध सोडायचं, म्हणजे केळ्यांवर डाग पडत नाहीत. चारूचा हात असा काही बसला होता की तिचे बाबा गजाननराव अख्ख्या शाहपुरात सांगत फिरायचे, आमची पोरगी डॉक्टर होणार. बागेतले मजूर तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. इंदूरच्या कोचिंगची चौकशीसुद्धा झाली होती. चारूला कोणी विचारलं नव्हतं. खरं तर तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

"ये मग पुढे, हजारवाली," सिस्टर म्हणाल्या.

चारू बाह्या सरसावत गेली. तिला वाटलं, आता सुई मिळणार. मिळाला कापसाचा बोळा.

तिसरा नंबर ज्योत्स्नाचा. पैजेच्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी ज्योत्स्ना टेबलापाशी आली, बोट मुठीत लपवलं आणि पांढरीफटक पडली.

"मला नाही टोचायचं. मी मरेन."

"मरायच्या आधी माझी जलेबी आण."

ज्योत्स्ना हसली नाही. चारूनं तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. आता काय करायचं, हे चारूला सुचेना. केळी कधी घाबरत नाही. म्हणून मग ती नुसती बोलतच सुटली. बागेतल्या उखर्डूकाकांच्या मागे वानर कसं लागलं, काका कसे पाण्याच्या टाकीवर चढून बसले, वानरानं त्यांचा डबा कसा उघडला, भाकरी फेकून ठेचाच कसा तोंडात कोंबला, आणि मग सगळ्या बागेला कशा चकरा मारल्या! ज्योत्स्ना आधी रडली, मग रडत रडत हसली, मग नुसतीच खिदळायला लागली.

"झालं," सिस्टर म्हणाल्या.

"काय झालं?" ज्योत्स्नानं विचारलं.

तिच्या बोटावर कापूस होता.

सिस्टरनी सुई डब्यात टाकली. "टोचलं मी. काम हिनं केलं. बायो आहे ना गं तुझं? नर्सिंगची प्रवेश परीक्षा दे. बी.एस्सी. चार वर्षांचं असतं. पुढे वाटलं तर बाळंतपणाचं वेगळं शिक्षणही घेता येतं."

"मी डॉक्टर होणार आहे," चारू म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "असं बाबा म्हणतात."

सिस्टरनी यादीतलं पुढचं नाव वाचलं.

त्या दिवशी चारूनं बेचाळीस हात धरले. गोष्टही बेचाळीस वेळा सांगितली. शेवटी शेवटी वानरं सात झाली होती आणि काका टाकीत पडले होते.

ती घरी आली तेव्हा बाबा ओट्यावर उभे राहून फोनवर गरजत होते.

"हो हो, इंदूरच! हॉस्टेलात आमच्या डॉक्टरसाठी खिडकीजवळचा पलंग ठेवा म्हणा!"

आई मेथी निवडत होती. चारू दारातच घुटमळली. तीनदा खाकरली.

"काय व, घशात माशी गेली का?" आईनं विचारलं.

बाबांनी फोनवर हात ठेवला. "बोला, डॉक्टर!"

"बाबा, फोन ठेवा. आणि आधी बसा."

"काहून? नापास झाली का?"

"नाही हो. बसा ना."

बाबा खाटेवर टेकले. चारूनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. ते दोन घोट प्यायले आणि घाबरून आईकडे बघायला लागले.

"आईकडे नाही, माझ्याकडे बघा," चारू म्हणाली. "आता एकदाच थोडं लागेल. इंदूरला मी जाणार नाही. मी नर्स होणार आहे, बाबा."