तात्यांच्या बदामबागेतला कुंचला

मी एक कुंचला बोलतोय. बोटभर रुंद, मऊ केसांचा. माईंनी मला चित्रं रंगवायला आणलं होतं, पण माझ्या वाट्याला रंग आलेच नाहीत. आले ते पराग.

माई आणि तात्यांची बदामाची बाग. एकदा माईंना बागेतल्या मधमाश्या चावल्या. तोंड सुजलं, दोन दिवस डोळे उघडेनात. तात्या इतके धास्तावले की त्यांनी बागेतली सगळी पोळी धूर करून उठवली. पुढच्या वर्षी झाडं फुलांनी लगडली, बदाम मात्र मूठभरच धरले.

तेव्हा तात्यांनी मला उचललं. बदामाच्या फुलाला दुसऱ्या जातीच्या बदामाचे पराग लागतात. तात्या एका रांगेतले पराग वाटीत झटकून घेत, शिडीवर चढत आणि मला एकेका फुलावर टेकवत. दिवसाकाठी जेमतेम एक झाड उरकायचं. झाडं होती साठ आणि फुलोरा पंधरा दिवसांचा.

तिसऱ्या वर्षी शिडी घसरली. तात्या फांदीला लोंबकळले. माई धावत आल्या आणि त्यांनी शिडी सावरली, म्हणून निभावलं.

"माश्या मला चावल्या," माई म्हणाल्या, "आणि तुम्ही शिक्षा झाडांना देताय. स्वतःलाही."

"पुन्हा चावल्या तर?"

"तर सुजेन. तुम्ही पडलात तर मी काय करू?"

संध्याकाळी तात्यांनीच मधमाश्या पाळणाऱ्या बाईंना फोन लावला.

पेट्या आल्या. तात्यांनी त्या घरापासून पार लांबच्या टोकाला ठेवून घेतल्या. ऊन चढलं तशी सगळी बाग घुमू लागली. खिडकीतून बघताना मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण त्या वर्षी बदामांनी फांद्या वाकल्या.

यंदा पेट्या पुन्हा आल्यात. काल बाईंना पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीवरच्या माश्या अलगद बाजूला सारायला मऊ कुंचला हवा होता. माईंनाही बघायचं होतं. तात्यांनी त्यांच्या तोंडावर जाळी बांधली, बाह्या हातमोज्यांत खोचल्या, गाठी दोनदा तपासल्या.

"श्वासापुरती जागा ठेवलीत ना?" माईंनी विचारलं.

मग तात्यांनी मला स्वतःच हातात घेतलं. चौकटीपाशी नेलं आणि ते तिथेच थबकले. "हळू हं," ते पुटपुटले; मला की माश्यांना, कोण जाणे. माईंनी त्यांचं कोपर धरलं, तेव्हा हात पुढे झाला.

माझे निम्मे केस गळलेत. तात्या नवा कुंचला आणायचं म्हणतात. नव्याचे केस ताठ असतात हो, माश्यांना टोचतील. चालतोय तोवर मलाच चालू द्या.